मावेल एवढा

"मोठ्यात मोठा दाखवा," वाल्मीक म्हणाला.

"आणि मला लहानात लहान," त्याची मुलगी सृष्टी म्हणाली.

काउंटरमागच्या अमोलने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. वकीलवाडीतल्या या दुकानात तो सात वर्षे गेम खेळायचे मॉनिटर विकत होता. पोरे वर ओढतात, बाप खाली ओढतो आणि सत्तावीस इंचांवर दोघांचे जमते, असा त्याचा अनुभव. इथे दोरी उलटी होती.

"काका, तुमचं ऐकू की ताईंचं?"

"माझं. तिच्या नजरेचा प्रॉब्लेम आहे. कडेचं दिसत नाय, मधलं दिसतं." गाडीचा एक हेडलाइट गेलाय, अशा सुरात वाल्मीकने हे सांगितले. सिन्नरच्या कंपनीत तो लेथवर होता. बिघाड सांगताना आवाज चढवायचा नाही, ही तिथली शिस्त. "मोबाइलवर खेळून खेळून झालं. म्हणून म्हटलं, आता मोठाच घेऊ."

"आजार रक्तातला आहे, पप्पा. डॉक्टर तीनदा म्हणाले."

"आपल्या घरात आजार कुणाला नव्हता. मोबाइल होता."

अमोलने चौतीस इंची, आत वळलेला मॉनिटर सुरू केला. "हा कर्व्ह, काका. दोन्ही बाजूंनी आपल्याला कवेत घेतो. कडेचा शत्रूसुद्धा सुटत नाही." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आले, आणि तो उगाच एक वायर पुसत बसला.

सृष्टी खेळायला बसली. डावीकडून कुणीतरी आले आणि ती मेली. दुसऱ्यांदाही डावीकडूनच. तिसऱ्यांदा उजवीकडून, तेवढाच बदल.

"जरा लांबून बघ," वाल्मीक म्हणाला.

ती उठली. पडद्यावरची नजर न हलवता एकेक पाऊल मागे गेली. प्रिंटरच्या खोक्यांना पाठ लागली, तेव्हा त्यांना चाचपत वळसा घालून आणखी मागे गेली. काचेचे दार आले. ते ढकलून ती बाहेर पायरीवर उभी राहिली.

"इथून अख्खा दिसतो," ती तिथून ओरडली. "पण घरी या जागेवर शेजारच्या लताकाकूंचं स्वयंपाकघर येतं."

अमोल हसला. वाल्मीक हसला नाही. त्याने मूठ वळली, ती थोडी सैल सोडून तिची नळी केली, एका डोळ्याला लावली आणि दुसरा डोळा मिटून रांगेतला एकेक मॉनिटर बघायला लागला. हिला आता एवढे दिसते, असे म्हणून जूनमध्ये डॉक्टरांनी त्याला ही मूठ करून दाखवली होती. तेव्हापासून तो अधूनमधून असा बघत असे. एसटीतून बाहेर. कंपनीत मशीनकडे. एकदा जेवताना ताटाकडे, तर भाजी दिसली आणि भाकरी गेली.

कांद्याच्या चाळीवर कॅमेरे बसवायचे म्हणून सटाण्याहून एक गृहस्थ स्क्रीन बघायला आले होते. ते जवळ आले आणि त्यांनी त्या मुठीकडे बोट केले.

"हाई काय शे, भाऊ?"

"साइज बघतोय," वाल्मीक म्हणाला.

गृहस्थांनी जाणकारासारखी मान हलवली, स्वतःची मूठ केली आणि बत्तीस इंचांवर रोखली. दोन मिनिटांनी त्यांनी तोच पसंत केला. मुठीतून चांगला दिसला, म्हणाले.

"सत्तावीस," वाल्मीकने निकाल दिला. "टेबल थोडं मागं घेतलं का सत्तावीस बरोबर मावतो. हा बांधा."

सृष्टी आत आली होती. तिने काउंटरच्या टोकाकडे बोट केले. तिथे बिले करायचा एक जुना, चौकोनी, सतरा इंची मॉनिटर होता. "तसला मिळेल का?"

"ताई, त्यावर गेम कुणी खेळत नाही," अमोल म्हणाला. "आमचा अकाउंटंटसुद्धा त्याला शिव्या घालतो."

"मिळेल का पण?"

"गोडाऊनमध्ये असेल एखादा."

आता मात्र वाल्मीकचा आवाज चढला. "माझा खिसा राखू नको. सत्तावीस मावतो म्हटलं ना! मी स्वतः बघितलाय."

"मूठ दाखवा," सृष्टी म्हणाली.

त्याने हात पुढे केला. नळी तशीच होती. तिने तो हात दोन्ही हातांत घेऊन डोळ्यांसमोर धरला, थोडा इकडे, थोडा तिकडे, आणि नीट पाहिला.

"ही जूनची आहे, पप्पा."

वाल्मीकने मान वाकवून मुठीकडे पाहिले.

"पुढच्या महिन्यात तपासणी आहे. तेव्हा तुम्हाला कळलंच असतं. दिवाळी तेवढी होऊ दे म्हटलं."

मग तिने त्याची बोटे आवळायला सुरुवात केली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचे, मग मधले. लेथवर वीस वर्षे चाललेली बोटे, ती सहज आवळली जाईनात. तिने जोर लावला. शेवटी मध्ये पेन्सिल जाईल एवढे भोक राहिले.

"एवढं," ती म्हणाली.

वाल्मीकने मूठ डोळ्याला लावली. सृष्टी समोरच उभी होती, हातभर अंतरावर. त्याला आधी कपाळ दिसले. तो खाली आला, तर नाक. आणखी खाली, तर हनुवटी, आणि कपाळ गेले. तो पुन्हा वर गेला.

सटाण्याचे गृहस्थ आपले खोके उचलून, धक्का लागू नये म्हणून जरा बाजूने, निघून गेले.

"काका, मग कोणता काढू?" अमोलने हळूच विचारले.

"थांबा जरा," मूठ तशीच ठेवून वाल्मीक म्हणाला. "हिचा चेहरा पुरा होऊ द्या."