एका वाक्याची साक्ष

“एवढंच म्हणायचं, ‘ही माझी लग्नाची बायको.’ पुढे एक अक्षर नाही. बाकीचं मी बघतो.”

दुकानदाराचं कालचं बोलणं गवंड्याच्या कानात सकाळपासून घुमत होतं. देवापुढे दिवा लावल्याशिवाय तो कधी करणी-थापीला हात लावत नसे. आजही त्याने दिवा लावला, पण हात जोडून मान वर करायचा धीर झाला नाही. या जिभेने कधी खोटी साक्ष दिली नव्हती. आज ती भर पंचायतीत द्यायची होती.

भांडण दुकानदाराचं आणि त्याच्या धाकट्या बहिणीचं. बापाने जाताना पंचांसमोर सांगून ठेवलं होतं, ओढ्याकाठचं शेत आणि त्यातलं घर मुलीचं, पण लग्न होईपर्यंतच. लग्न झालं की सगळं मुलाकडे. मुलीची चाळिशी उलटली, दारात मांडव काही पडला नाही. पेरणी, राखण, कापणी ती एकटी करायची आणि अंथरुणाला खिळलेल्या आईचंही सगळं बघायची. दुकानदाराला त्या जागी गोदाम हवं होतं. आईला तो दुकानामागच्या खोलीत, पोत्यांच्या थप्पीशेजारी ठेवणार होता.

मागे बहिणीच्या विहिरीची ढासळलेली भिंत गवंड्याने बांधून दिली होती. तेव्हा गावात थोडी कुजबुज झाली. दुकानदाराने तेवढंच धरलं.

“गोदामाचं सगळं बांधकाम तुझं,” तो काल म्हणाला होता. “पण लग्न कुठे झालं असं विचारलं, तर काय सांगशील?”

“परगावी. देवासमोर. पुजारी आणि आम्ही दोघं.”

दुकानदाराने मांडीवर थाप मारली. “वा मिस्त्री! गिलावा मारतोस तशाच थापाही मारतोस की!”

गवंडी हसला नाही. घासाघीस न करताच त्याने होकार दिला, याचं दुकानदाराला जरा नवलच वाटलं.

पंचायतीची खोली माणसांनी गच्च भरली होती. खिडकीच्या गजांना बायका लगडल्या होत्या. बहीण पुढच्या बाकावर ताठ बसली होती.

“बाई, एकटीला एवढं शेत घेऊन काय करायचंय तुला?” थोरल्या पंचांनी विचारलं.

“पिकवायचंय, काका. इतकी वर्षं काय करत होते?”

“पण बापाचा शब्द आहे ना?”

“तो मला पाठ आहे. दादाची दोन लग्नं झाली, त्याच्या शेतातलं ढेकूळ हललं नाही. माझं एक झालं, तर आईच्या डोक्यावरचं छप्पर जातं. हा कुठला न्याय, ते तुम्हीच सांगा.”

खिडकीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

“जीभ बघा केवढी! म्हणून तर कोणी केली नाही हिला,” मागून एकजण म्हणाला.

“केली नाही कशी?” दुकानदार उठलाच. “चोरून केलीय! विचारा या मिस्त्रीला.”

गवंडी उभा राहिला. सिमेंटने खाल्लेल्या आपल्या पायाच्या बोटांकडे तो बघत राहिला. बाकाकडे बघायची त्याची छाती होत नव्हती.

“शपथ घालायची का?” एका पंचाने विचारलं.

“त्याला कसली शपथ घालता? देवाधर्माचा माणूस,” थोरले पंच म्हणाले. “त्याचा शब्द म्हणजे ओळंबा, तसूभर कलायचा नाही. बोल मिस्त्री, ही तुझी कोण?”

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं गवंड्याला झालं. शेजारी दुकानदार खाकरला.

“कोणी नाही,” गवंडी म्हणाला. “विहिरीचं काम केलं, तेवढीच ओळख. या बाईंचं माझ्याशी लग्न झालेलं नाही.”

“अरे, काल तर तू कबूल...” दुकानदार बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

“काल काय कबूल केलं होतं? सांगा की, आम्हीही ऐकतो!” थोरले पंच म्हणाले, आणि खोलीत हशा पिकला. दुकानदार चपला शोधायला लागला. शेत बहिणीकडे राहिलं.

लोक गवंड्याभोवती जमले. कोणी पाठ थोपटली, कोणी हात हातात घेतला. “अशी खरी माणसं राहिलीत कुठे!” थोरले पंच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. प्रत्येक शब्द त्याला थोबाडीत बसल्यासारखा लागत होता.

दाराशी बहीण क्षणभर थांबली. “उपकार झाले, मिस्त्री,” ती म्हणाली, परक्याला म्हणावं तसं. त्याने मान वर केली नाही.

खोलीवर येऊन तो हत्यारं पोत्यात भरू लागला. घरमालक दारात आला.

“अरे, कुठे निघालास? आता तर गाव तुला डोक्यावर घेऊन नाचेल.”

“दुसरीकडे काम लागलंय.”

“आजच?”

“आजच.”

काम कुठेच लागलं नव्हतं. लग्नाच्या दिवशी त्याने बायकोला शब्द दिला होता, की आपल्यापायी तिच्या आईवर घर सोडायची वेळ येणार नाही. कोणाला लग्नाचा नुसता संशय आला, तरी त्याच दिवशी तो एकटा गाव सोडेल. पोतं खांद्यावर टाकून तो निघाला आणि बायकोचं शेत दिसायच्या आत लांबच्या वाटेला वळला.