समुद्रावरची कवायत

सासरे पस्तीस वर्षं शाळेत पीटीचे सर होते. सुट्टीत समुद्रावर आलो, तरी पहाटे साडेपाचला शिट्टी वाजलीच. "पाच मिनिटांत सगळे वाळूवर," असं दारातून बजावून ते पुढे गेले आणि आम्ही सहाही जण कूस बदलून परत झोपलो.

सात वाजता ते घामाघूम होऊन, खुशीत परतले. "आज सगळ्यांनी मन लावून केलं. सूनबाई तर पळण्यात पहिली," म्हणत त्यांनी टेबलावरचा चष्मा डोळ्यांवर चढवला. पांघरुणातून आमची सहा तोंडं बाहेर आली.

"तुम्ही इथे? मग मी कुणाला पळवलं?"



मी खिडकीतून पाहिलं. किनाऱ्यावर सहा अनोळखी माणसं अजून सावधानमध्ये उभी होती. बाबा 'विश्राम' म्हणायलाच विसरले होते.