छपराखालचा फोम

घराला गिऱ्हाईक मिळालं, पण त्याच्या बँकेने हात वर केले. माळ्यावर छपराला आतून फोम मारलेला असेल तर आतलं लाकूड कुजलं तरी दिसत नाही, म्हणून कर्ज मिळत नाही म्हणे. मागच्या खोलीत गळायचं, म्हणून आम्हीच तो हौसेने मारून घेतला होता. गळणं थांबलं, थंडी थांबली. कौलांवर वाजणारा पाऊसही ऐकू येईनासा झाला.

आता घर विकल्याशिवाय माझ्या बायकोला, डोरीनला, शुश्रूषागृहात ठेवता येणार नव्हतं. गेलं वर्षभर ती मला ओळखत नाही. 'नेव्हिल'ऐवजी 'मिस्टर' म्हणते आणि चहा दिला की आभार मानते.

आज फोम खरवडणाऱ्याने शेवटचं पोतं खाली आणलं.

"झालं, काका. गळकं कौलही बदललंय. आता थेंब यायचा नाही."

मी त्याला चहा दिला. दुपारी घरांच्या एजंटचा फोन आला.

"अभिनंदन, मिस्टर क्रॉशॉ! बँक तयार झाली. शुश्रूषागृहाशीही बोललोय, सोमवारी डोरीनबाईंसाठी खोली रिकामी होतेय."

"बरं," म्हटलं आणि फोन ठेवला. खाली बसून बॅगेत डोरीनचे लोकरी मोजे भरायला घेतले.

बाहेर पाऊस सुरू झाला. कौलांवर टपटप वाजायला लागलं. खुर्चीतल्या डोरीनने मान वर करून छताकडे पाहिलं.




"नेव्हिल, अरे बसलायस काय असा? मागच्या खोलीत बादली ठेव, जा!"