बसून पगार

रिद्धी चिंचणीला आली ती दोन मोठ्या बॅगा घेऊनच. माझी ही नात मुंबईत एका बड्या परदेशी बँकेत शेअरांची खरेदी-विक्री करते. आठवडा झाला तरी परत जायचं नाव नाही. शेजारची जमना दोनदा विचारून गेली, "रिद्धी अजून हायच का?" कामावरून काढलं असणार, असं माझ्या मनाने घेतलं. शेवटी बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत घालताना मी विचारलंच.

"खरं सांग पोरी, नोकरी गेली ना?"

"नाय गं आजी. मीच सोडली. दुसऱ्या बँकेने जास्त पगारावर बोलावलंय. पण आमच्यात सोडणाऱ्याला तीन महिने घरी बसवतात. तोवर पगार जुनी बँकच देते. तिथे काय घेणार, काय विकणार, ते मी लगेच नव्या बँकेत जाऊन सांगू नये म्हणून."

माझा जीव भांड्यात पडला.

"एवढंच ना? तुझा आजा नाखव्याच्या होडीवर तांडेल होता. एरवी दर्यावरून आठ-आठ दिवस तोंड दिसायचं नाय. त्याने दुसऱ्याची होडी धरायची ठरवली, तर जुन्या नाखव्याने त्याला सबंध हंगाम घरी बसवून पोसला. पापलेट कुठे लागतं, ती जागा दुसऱ्याला कळू नये म्हणून."

रिद्धी हसायला लागली. "मग आजाने घरी बसून केलं काय?"

मी बोंबलांची पुढची जोडी वलांडीवर अडकवली.

"दुसऱ्या वर्षी तुझा बाप जन्मला."