नंबर सांगा, काका

मंगळवार, नऊ जुलै, सायंकाळचे सहा. कॉन्सेप्सियोन येथील नागरिक मंचाच्या ऑनलाइन सभेत, चारशे बारा श्रोत्यांच्या उपस्थितीत, असा ठराव मांडण्यात आला की औषधाच्या दुकानांनी सवलतीच्या मोबदल्यात गिऱ्हाइकाचा ओळख-क्रमांक मागण्यास कायद्याने बंदी असावी. ठरावाच्या बाजूने बोलणार होती माइते उरेहोला ही तरुण वकील. विरोधात निबाल्दो सान्वेसा, जो सव्वीस वर्षे औषधाच्या काउंटरमागे उभा राहून येईल त्याला तोच क्रमांक विचारत आला होता.

निबाल्दो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता आणि डावा हात त्याने मांडीखाली दाबून धरला होता. आठ आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी त्या हाताच्या थरथरीला कंपवात हे नाव दिले होते. ते त्याने कोणालाही सांगितले नव्हते. घरात दुसरे माणूस म्हणजे एकटी यास्ना, त्याची मुलगी, आणि ती शुक्रवारी चार वर्षांच्या संशोधनासाठी जर्मनीला निघणार होती. आईच्या आजारपणात तिने हीच संधी एकदा सोडली होती. बापाचे कळले तर दुसऱ्यांदा सोडील, याविषयी निबाल्दोच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तेव्हा विमान उडेपर्यंत गप्प बसायचे, एवढाच त्याचा बेत होता.

मात्र वादात गप्प बसणे त्याला कधी साधले नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "ही तुमची भीती खात्यापित्या घरची आहे. माझ्याकडे म्हाताऱ्या बायका येतात. नंबर सांगितला की गोळी तीस टक्के स्वस्त. त्यांना तुम्ही काय देणार? गुप्तता? ती जेवणाआधी घ्यायची, की नंतर?"

टाळ्यांची चिन्हे पडद्यावर झरझर वर चढली. पलीकडच्या खोलीत, फोनवर सभा पाहत सामान भरणारी यास्ना ओरडली, "बाबा, धुतलंस तिला!"

"आणि त्या खरेदीच्या याद्यांचं तुम्ही करता काय, काका?" माइतेने विचारले.

"काय करणार? लोणचं घालतो. अहो, ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्यानं..."

"नंबर सांगा."

तिने हे प्रश्नाच्या सुरात म्हटले नाही, विनंतीच्याही नाही. दुकानातल्या मुली रांगेतल्या माणसाकडे न पाहता ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात म्हटले. आणि निबाल्दोने सांगितला. आठ आकडे, किंचित विराम, मग तपासणीचा शेवटचा आकडा. या देशात हा क्रमांक माणूस विचार करून सांगत नाही. शिंक यावी तसा तो येतो.

चारशे जण हसले. आवाज नव्हता, नुसती हसरी तोंडे होती.

याच सवयीने त्याला आधीही एकदा दगा दिला होता. आपल्या गोळ्या घ्यायला तो मुद्दाम नदीपलीकडे, सान पेद्रोच्या शाखेत गेला होता, टोपी कानांवर ओढून. तिथल्या मुलीने मान वर न करता नंबर विचारला, याने सांगितला. खरेदी आपल्याच नावावर नोंदली गेली, हे रस्त्यावर आल्यावर ध्यानात आले.

आता माघार घेणे म्हणजे हार होती. "घ्या की," तो हसून म्हणाला. "घर शोधा, गाडी शोधा. सापडलं तर चहाला या."

दोन मिनिटांत पत्ता आला, गाडीचा क्रमांक आला, निळ्या फाटकाचे छायाचित्र आले. "फाटक रंगवा, काका, लाज आणलीत गल्लीला," एकाने लिहिले. निबाल्दोने खेळकरपणे मान डोलावली. मग 'काउंटर चार' असे नाव घेतलेल्या कोणीतरी लिहिले: "मी ड्यूटीवरच आहे. काकांची यादी टाकू?"

ती यादी कोणती कळ दाबल्यावर उघडते, हे निबाल्दोला ठाऊक होते. प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला ती कळ त्यानेच दाखवली होती.

"अध्यक्ष महाराज, हे विषयाला सोडून आहे."

अध्यक्ष एरिबेर्तो कार्तेस हे निवृत्त न्यायाधीश. नियमाबाहेर एक पाऊल न टाकणारे. त्यांनी माइतेला विचारले, "हा आपण आपला पुरावा मानता का?"

माइते क्षणभर घुटमळली. "हेच तर माझं म्हणणं आहे. वाचा."

यादी पडद्यावर आली. अध्यक्षांनी चष्मा लावून, एकेक नाव नीट उच्चारत वाचले. रक्तदाबाची गोळी. खोकल्याचे औषध. लेव्होडोपा, बारा आठवड्यांचा साठा. हे शेवटचे औषध कोणत्या रोगावर देतात, ते दुसऱ्या कोणीतरी लगेच खाली लिहिले.

"ते शेजाऱ्यासाठी घेतलं होतं," निबाल्दो म्हणाला.

"शेजाऱ्यानं हात दाखवावा!" श्रोत्यांपैकी एकाने लिहिले.

त्याने उजवा हात वर केला.

"तो नव्हे, दुसरा!" "पाच मोजेपर्यंत धरा, काका." "तीनच्या पुढं गेला तर मी ठरावाच्या विरोधात मत देतो."

दुसरा हात त्याने वर केला नाही. तेवढे पुरेसे होते.

"पाहिलंत ना, काका?" माइते म्हणाली. तिचा आवाज खरोखर मृदू होता.

यास्ना दारात येऊन उभी राहिली होती.

"कधी कळलं तुला?"

"मे महिन्यात. यास्ना, फक्त शुक्रवार होऊ दे, मग आपण..."

"मी जात नाही."

"ऐक तरी. तुझी इतक्या वर्षांची..."

"त्यांना आजच कळवते. दुसऱ्या कुणाला तरी जागा मिळेल."

पडद्यावर अध्यक्ष विचारत होते की विरोधी वक्त्यांना समारोपासाठी नियमाप्रमाणे दोन मिनिटे हवी आहेत काय. निबाल्दोने तोंड उघडले. यास्नाने त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे वाकून उत्तर दिले.

"नकोत. बाबा हरले. मतं मोजून घ्या."