डावा तळवा
ड्रमची काठी कशी धरतो यावरून माणसाचं घराणं कळतं, असं सासरे म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी ताडकळसच्या शाळेत बँड शिकवला. आत्ता मात्र आम्ही माझ्या मुलीचा ड्रम वाजवायचा व्हिडिओ गेम उघडून बसलो होतो. काठी धरताना डावा तळवा वर ठेवायचा की खाली, असं पडद्यावर विचारलेलं. मी 'खाली' निवडलं. "असं तर धुणं बडवतात, जावईबापू!" स्वयंपाकघरात धोंडे तळणाऱ्या बायकोचा झारा थांबला. दिवाळीतल्या वादानंतर आम्ही सासरे-जावई सहा महिने बोललो नव्हतो. मी घाईनं 'वर' केलं. त्यांनी पुन्हा 'खाली' केलं. "अधिक महिना हाय. जावयाचा शब्द मोडत न्हाईत." "मामा, तुमचंच खरं." "बिलकुल न्हाई!" आवाज चढले. "आजोबा, त्यानं फक्त चित्रातले हात बदलतात. वाजवायचं बटणानंच," मुलगी म्हणाली. झारा पुन्हा वाजू लागला. ड्रम आम्ही दोघांनीही अंगठ्यानं वाजवला.