कडीला एक थेंब

"दहा वाजता माणूस येतोय, सायकल न्यायला," थोरल्याने दारातूनच सांगितलं.

बाबांनी मान वर केली नाही. पायरीशी सायकल स्टँडवर लावून, खाली जुनं वर्तमानपत्र अंथरून ते बसले होते. हातात दात घासायचा जुना ब्रश, शेजारी वाटीत रॉकेल. चेनवर ब्रश खसाखसा चालला होता आणि काळे थेंब कागदावर टपकत होते.

"ऐकलंत का?"

"कान शाबूत आहेत माझे. येऊ दे. पाणी देऊ, बसवू, परत पाठवू."

थोरला पायरीवर टेकला. आज रजा टाकली होती ती याच कामासाठी. चार दिवसांपूर्वी समोरच्या शिक्षिकाबाईंनी त्याला रस्त्यात गाठलं होतं. "तुमची सायकल मैदानात आडवी झालेली पाहिली हो पहाटे. या वयात ही कसली हौस? आवरा जरा." घरी येऊन बघतो तर बाबांचं कोपर सोललेलं. विचारलं, तर म्हणे, मैदानात खडी फार आहे. बस्स. पस्तीस वर्षं कारखान्यात लेथ चालवलेला माणूस, बोलणंसुद्धा मापातलं.

सायकल थोरल्याच्या बहिणीची, कॉलेजातली. ती सासरी गेल्यापासून जिन्याखाली धूळ खात पडलेली. मधला दांडा नाही, त्यामुळे पाय टाकायला सोपी. त्यात सीट पार खाली आणलेली. ते बघून थोरल्याला कसंसंच झालं. हाच माणूस एके काळी दोन्ही हात सोडून कारखान्यात जायचा.

"पायडल उलटं फिरव," बाबा म्हणाले.

"मी?"

"नाहीतर कोण? हात काळे झाले तर साबण आहे घरात."

थोरल्याने नाइलाजाने पायडल धरलं. बाबांनी जुन्या बनियनच्या चिंधीत चेन चिमटीत पकडली. कड्या सरकत गेल्या, चिंधी काळी होत गेली.

आई चहा घेऊन आली. तिच्या तळहाताला चिकटपट्टी होती.

"हे काय झालं?"

"लागलं जरा. चहा घे."

"आई, तू तरी सांग यांना."

"या घरात माझं कधी कुणी ऐकलंय?" आई म्हणाली. मग पदराला हात पुसत तिने हळूच विचारलं, "रविवारी मावशीकडे नेतोयस ना मला?"

मावशी पुलापलीकडे राहायची. अर्धांगवायूने दोन महिन्यांपासून अंथरुणाला खिळली होती. वाचाही गेली होती.

"या रविवारी नाही जमायचं गं. पुढच्या नक्की."

"रिक्षाने जाते मग."

"एकटी? काहीतरीच. मी आहे ना सोडायला."

"बरं," आई म्हणाली आणि आत गेली. बाबांचा हात जरा वेळ थांबला. मग त्यांनी तेलाची कुपी उचलली.

"प्रत्येक कडीच्या सांध्यावर एकच थेंब," ते म्हणाले. "तेल आत मुरायला हवं. बाहेर राहिलं की नुसती धूळ धरतं. वरवरची माया काय कामाची?"

टोमणा कोणाला होता, हे थोरल्याला नीटसं कळलं नाही.

दहाला त्याच्या ऑफिसातला पहारेकरी आला. बाबांनी खरोखरच त्याला बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "सायकल छान आहे, पण विकायची नाही. वापरात आहे. उगाच हेलपाटा पडला तुम्हाला."

पहारेकरी थोरल्याकडे बघत राहिला, थोरला जमिनीकडे. माणूस फाटकाबाहेर पडला मात्र, थोरल्याचा संयम सुटला.

"चारचौघांत माझी शोभा केलीत! उद्या हाडं मोडली तर कोण निस्तरणार?"

"ज्याची मोडतील तो."

"पडणं झालंच ना एकदा?"

"एकदा? पाचदा. पडल्याशिवाय कुणाला सायकल आलीय?"

"विनोद नकोत, बाबा. रस्त्यावर ट्रक असतात."

"असू देत. कडेकडेने जायचं, वळताना हात दाखवायचा, पुलाच्या चढावर दम लागला तर उतरून ढकलायची. सगळं घोटून झालंय."

"पूल?" थोरला उठून उभाच राहिला. "पुलावर जायचंय?"

"आज. आत्ता. ही चेन पुसून झाली की."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

आता कुठे बाबांनी मान वर केली. "तू आमच्या काळजीने बोलतोस, मला कळतं ते. पण काळजीच्या नावाखाली माणसाला घरात कुलूप लावता येत नाही. आयुष्यभर 'मी नेईन, मी सोडेन' ऐकायचं आणि दाराकडे डोळे लावून बसायचं, हा कुठला न्याय? जायचं म्हणजे जायचंच."

त्यांनी कोरड्या फडक्याने चेनवरचं जास्तीचं तेल टिपलं, पायडलला एक झटका दिला. चाक गरगर फिरलं. इवलासाही आवाज नाही. त्यांनी स्टँड काढला आणि सायकल फाटकाकडे तोंड करून उभी धरली.

थोरला हरला. हट्टाला औषध नसतं. तो आत गेला, खुंटीवरचं आपलं स्कूटरचं हेल्मेट घेऊन बाहेर आला आणि बाबांपुढे धरलं. "निदान हे तरी घाला."

"मला काय करायचंय?" बाबा म्हणाले.

मागून आईने त्याच्या हातातलं हेल्मेट घेतलं, डोक्यावर चढवलं, पदर कमरेला घट्ट खोचला आणि सीटवर बसून ती म्हणाली, "सोडा हो."